घराचं तेवढं थांबव

नांदेड

प्रिय दादा,

राघवेंद्रकाका तुझ्याच शहरात, त्यांच्या लेकाकडे निघालेत. त्यांच्या बॅगेत मेतकुटाच्या पुड्याखाली हे पत्र ठेवलंय. फोनवर का बोलली नाहीस, म्हणशील. फोनवर आई शेजारीच असते आणि तू तिला घ्यायच्या घराची खिडकी न् खिडकी दाखवत असतोस. ती गल्लीभर सांगत सुटलीय, आमचा यज्ञेश अमेरिकेत घर घेतोय. तिच्यासमोर हे बोलणं मला जमणार नाही. दादा, घराचं तेवढं थांबव. बयाणा देऊ नकोस.

आमचं ऑफिस आता तुला ओळखू येणार नाही. नांदेडच्या पोरी हुशार आहेत, कंपनीचं थोडं काम देऊन बघा, असं तू तुझ्या तिकडच्या साहेबांना सांगितलंस तेव्हा आम्ही चौघीच होतो. आता खालचा मजलाही घेतलाय. समोर दोन मेस निघाल्या, आसपासच्या खोल्यांची भाडी वाढली. आमच्यातल्या कंधारच्या दीपमालाचं लग्न घरचे उरकायला निघाले होते, ती आता स्वतःच्या पगारातून धाकट्या भावाला शिकवते. सगळ्या तुझं नाव काढतात. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी कामात एक चूक राहू दिली नाही. तिथंच घोटाळा झाला बघ. इतकं चांगलं काम इतक्या स्वस्तात होतंय, तर तिकडं माणसं ठेवायचीच कशाला, असं तुझ्या साहेबांना वाटलं. मी काय मुद्दाम वाईट काम करायचं होतं? दोन दिवस हाच विचार करतेय, काही सुचत नाही.

परवा मॅनेजरनी आत बोलावून सांगितलं, दिवाळीनंतर तुमची तिकडची अख्खी टीम बंद. कुठं बोलायचं नाही म्हणून सहीसुद्धा घेतली. मी नोकरी सोडली तरी हे थांबत नाही, माझ्या खुर्चीत दीपमाला बसेल. वहिनीचं बाळंतपण तोंडावर, त्यात नोकरी गेली की तुझ्या व्हिसाचं काय?

तुमचं काम समजून घ्यायला इकडून एकीला नेमलंय. ती मी आहे. चार-आठ दिवसांत तुला सांगतील, उर्वीला सगळं शिकव. तुला वाटेल बहिणीला बढती मिळाली, आणि तू हसत, जीव ओतून शिकवायला बसशील. ते मला बघवलं नसतं, म्हणून आधीच लिहिलं. आता सगळं कळल्यावरही, दादा, मला नीट शिकव.

तुझीच,
उर्वी