चौकातला कोपरा

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू मनातल्या मनात माझा कान पिळलाच असशील. आता सोड, कारण बातमी तशीच आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचं स्टेशन येणार हे तू ऐकलंच असशील. पण स्टेशनभोवतालची सगळी वस्ती नव्याने बांधायचा आराखडा आमच्या ऑफिसकडे आला आहे, आणि साहेबांनी तो माझ्या हाती दिला आहे. ज्या गल्लीत मी गुडघे फोडून घेतले तीच गल्ली! मला दोन दिवस नीट झोप नाही.

स्टेशनातून उतरलेल्या माणसाला पुढे गाडी लागू नये, चालत घर गाठता यावं, असं माझ्या मनात आहे. दारातच मोठा चौक, झाडं, म्हाताऱ्यांना टेकायला बाक. चौकाभोवती तळमजल्यावर दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर घरं. आपल्या गल्लीतलं प्रत्येक दुकान तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून परत उभं राहील. हा माझा शब्द.

तुझ्याकडे एक मागणं आहे. आमची दोन माणसं मोजमाप घ्यायला आली होती, त्यांना सलूनवाल्या काकांनी पिटाळून लावलं. ऑफिसवर कोणाचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये जमव. मी टेबलाएवढा नकाशा आणि लाकडी ठोकळे घेऊन येतो. ज्याने त्याने आपलं दुकान आपल्या हाताने मांडायचं.

बॅगांच्या चेनी बदलताना बोटं जप. माया आहे तेवढी पुरे, पण कमी करू नकोस.

तुझा,
टिल्लू

•

ता. २ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आशीर्वाद.

एवढा मोठा साहेब झालास तरी सही टिल्लू अशीच करतोस, बरं वाटतं. खाली दुकान आणि वर घर, ह्याचा शोध म्हणे तुमच्या ऑफिसने लावला! बाबा असते तर जिन्यावरून खाली येऊन तुला शाबासकी देऊन पुन्हा वर गेले असते.

तू शाळेच्या हॉलमधली सभा आटपून गेल्यापासून गल्लीत दुसरा विषय नाही. आपले सलूनवाले काका तो ठोकळा मुठीत धरून किती वेळ बसले होते, पाहिलंस ना? मग माझ्या ठोकळ्याशेजारी ठेवला, आणि आरशावर सकाळचं ऊन येईल असा वळवून घेतला. चष्मेवालीने तर तीनदा जागा बदलली, जसं काही सामान उचलायला हमाल उभेच आहेत. लोक हसत होते रे. ज्यांचं वर्षानुवर्षं पटत नाही, ते शेजारी शेजारी ठोकळे मांडत होते.

संमतीच्या कागदांचं मात्र तुला ठाऊक नाही, तू तेव्हा साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेला होतास. काका म्हणाले की त्यांना नकाशातलं काही कळत नाही, पण मी सांगेन ते ऐकतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, माझ्या भावाने शब्द दिला आहे, तो माझाच शब्द समजा. मग काकांनी सही केली, आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी. चष्मेवालीने तर चष्मासुद्धा लावला नाही.

 तू काम चोख करशील ह्यात शंका नाही, पण तिथे नाव माझं पणाला लागलं आहे, एवढं ध्यानात असू दे. आणि वेळेवर जेवत जा, हॉलमध्ये तुझा शर्ट अंगावर लोंबत होता.

जीव लावतोस तसाच लावत राहा, म्हणजे झालं.

तुझी,
ताई

•

ता. १९ जून

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितो. आराखडा मंजूर झाला! थोडे बदल करावे लागले. स्टेशनातून उतरणारी गर्दी मोकळी व्हायला चौक वाढवला, त्यामुळे तळमजल्याची जागा कमी झाली. उरलेली मोठ्या दुकानांना द्यावी लागली, त्याशिवाय पैसे घालणारे उभे राहत नव्हते. गल्लीतली दुकानं पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला जातील. तिथे जिना आहे, उजेड बरा आहे.

पण तू अजिबात काळजी करू नकोस. स्टेशनच्या दारासमोरचा कोपरा तुझा. जुन्या गल्लीची खूण म्हणून एक तरी दुकान खाली हवं, असं मी साहेबांच्या गळी उतरवलं. प्रवासी, बॅगा, तुटलेल्या चेनी, विचार कर! सध्या कोणाला बोलू नकोस.

रागावलीस तरी माझीच राहा.

तुझा,
टिल्लू

•

ता. ३ जुलै

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

मला बोलू नकोस म्हणालास, आणि तुमच्याच ऑफिसने शाळेच्या भिंतीवर नकाशा चिकटवला. मी पोचले तेव्हा अख्खी गल्ली तिथे होती. तळमजल्यावर सगळी परकी दुकानं, आणि कोपऱ्यावर ठळक अक्षरांत बॅग-छत्री दुरुस्ती. एकटी मी. माझ्यासाठी लोक बाजूला झाले, वाट करून दिली. तशी वाट मला कधी कोणी करून दिली नव्हती.

काय केलंस हे! माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी सह्या केल्या, आणि तू फक्त मला वाचवलंस? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा तू मला केलंस. काकांचे गुडघे गेले आहेत. त्यांची गिऱ्हाइकं त्यांच्याहून म्हातारी. कोण चढणार तो जिना दाढी करायला? पण त्यांनी जागेचं काही विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मला सह्यांच्या आधीपासून ठाऊक होतं का. मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले आणि गेले.  दुपारचे डबे मी आणि चष्मेवाली मिळून उघडायचो, आता ती एकटी आत बसते.

मला कोपरा नको, आणि त्याबद्दल भांडायचंही नाही. नकाशा बदलत नसेल तर नको बदलू, तेवढं शहाणपण मलाही आहे. मला एकच गोष्ट हवी. इथे ये, सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग की सह्यांच्या वेळी ताईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. एक वाक्य. माझ्याकडून कोणाला ते खरं वाटत नाही.

आणि मला कळव, ठोकळे मांडले त्या दिवशी तुला हे माहीत होतं का?

ताई

•

ता. २८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन घास गिळवले नाहीत. तुझ्यासाठी मी साहेबांशी केवढा भांडलो हे तुला दिसलं नाही, ह्याचं वाईट वाटतं. ह्या जागी दुसरा कोणी असता तर गल्लीची खूणसुद्धा राहिली नसती.

त्या दिवशी मला माहीत होतं का असं तू विचारतेस. आमच्या कामात माहीत असणं असं सरळ नसतं गं. काही गोष्टी वरून ठरत आलेल्या असतात, काही व्हायच्या असतात. लोकांना बरोबर घ्यावं, त्यांना विचारल्यासारखं वाटावं, असा वरून आग्रह होता. ठोकळे मांडून लोक खूश झाले, हे खोटं तर नव्हतं?

कोपरा नाकारू नकोस. तू सोडलास तर तो काकांना मिळणार नाही, तिथे बँक येईल. मी विचारून पाहिलं आहे.

येऊन सांगण्याचं म्हणशील तर आत्ता तोंड उघडलं तर नोकरी जाईल. पण उद्घाटनाला मी असेनच, आणि बोलायलाही मलाच सांगतील. त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर मी तुझं नाव घेईन. तोवर धीर धर. धाकट्यावर एवढी एक वेळ विश्वास ठेव.

तुझा,
टिल्लू

•

ता. ११ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. हात आपोआप लिहितो, म्हणून लिहिला.

दोन वर्षं मी वाट पाहिली. पत्र्याच्या शेडमध्ये दुकान मांडलं, समोरच्या शेडमध्ये काका, त्यांच्या पलीकडे चष्मेवाली. कोणी भांडलं नाही. माझ्या दुकानात सुट्टे मागायला येणं मात्र बंद झालं. मी मनाशी म्हणायचे, होऊ दे, उद्घाटनाच्या दिवशी सगळं निस्तरेल. माझा भाऊ बोलणार आहे. चष्मेवालीला एकदा मी तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली, बघू या.

चौक सुंदर झाला आहे, हे मी खोटं नाही म्हणणार. झाडं लहान आहेत पण येतील. संध्याकाळी तिथे मुलं खेळतात, बाकांवर अनोळखी माणसं टेकतात. तुझ्या हातात कसब आहे, ते कधी नव्हतं असं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी काका जिना उतरून खाली आले होते. मीच गळ घातली होती, म्हणून. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. चष्मेवाली त्यांच्याशेजारी बसली. तू बोलायला उभा राहिलास तेव्हा मी त्या दोघांकडे बघत होते, तुझ्याकडे नाही. आणि तू माझं नाव घेतलंस. तू म्हणालास की ह्या गल्लीला तयार करणं कोणाला जमत नव्हतं, ते तुझ्या ताईने एका दुपारी केलं. तिने शब्द टाकला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. ती पहिल्यापासून तुझ्याबरोबर होती, तिच्याशिवाय हा चौक उभा राहिला नसता. मग तू मला हात धरून वर नेलंस आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्यापासून! टिल्लू, तुला कळलं तरी का काय बोललास ते? मला वाटतं, नाही कळलं. तुला खरंच वाटलं की तू माझा मान केलास. तुझे डोळे भरून आले होते. तू दुष्ट असतास तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

फोटोवाले गेल्यावर मी मागचा जिना चढून वर गेले. सलून उघडं होतं, आत कोणी गिऱ्हाईक नव्हतं. मला काकांना सांगायचं होतं की तू चुकून बोललास, तसं नव्हतं, मी शपथ घ्यायलाही तयार होते. मी कळती झाले तेव्हापासून काका मला पोरी म्हणत आले आहेत. त्यांनी खुर्ची पुसली, मला बाई म्हटलं आणि काय काम काढलंत असं विचारलं. आवाजात राग नव्हता. नव्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसे बोलले. मी काही नाही म्हटलं आणि खाली आले.

धंदा जोरात चालला आहे. स्टेशनातून उतरलेला माणूस पहिला माझ्या दाराशी येतो. तुला हे ऐकून बरं वाटेल, म्हणून लिहिते आहे.

आता येऊन कोणाला काही सांगू नकोस. तू आता खरं सांगितलंस तरी त्यांना वाटेल की मीच तुला शिकवून पाठवलं. तुझ्या शब्दाला माझा शब्द जोडला होता, तुझ्याबरोबर माझाही गेला.

कळावे. लोभाचं ह्या वेळी काही लिहीत नाही.

ताई