शेजारची सीट

ती. बाबांना धांदरट लेकीचा नमस्कार.

इथे सगळं छान आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? तिला इथपर्यंतच वाचून दाखवा.

बस चालवायचे तेव्हा कधी भीती वाटली नाही. आता नव्या ड्रायव्हरांना शिकवते, तर शेजारी बसून, नसलेला ब्रेक पायाने दाबत राहते. सोमवारी वाटलं, जमतंय. मंगळवारी वाटलं, आपली जुनी बसच परत मागावी.

काल वळणावर शिकाऊ बाई म्हणाल्या, "मॅडम, किती निवांत गुणगुणताय!" मी तर जीव मुठीत धरून बसले होते.

मला शिकवताना तुम्हीही खिडकीबाहेर बघत गुणगुणायचात. त्या भरवशावरच मी गाडी शिकले. बाबा, खरं सांगा, तेव्हा तुमचा पायही ब्रेकच शोधत होता ना?

तुमची,
धांदरट