भिकाजीकाकांची हत्यारं

प्रिय गुरुदास,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ते आधी फळीवर ठेवून दिलं असशील आणि स्नेहा म्हणाली असेल, आक्काचं दिसतंय, उघडा तरी. हल्ली पत्र कोण लिहितं! पण इथं रेंज येते ती फक्त शाळेमागच्या खडकावर. तिथं चढून मी फोन लावते आणि तो नुसता वाजत राहतो. तू कामात असतोस, मला कळतं. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. सवडीनं वाचता येतं.

इकडं भात कापून झालं. खालच्या शेतात गवे शिरले होते, बरंच तुडवलं, तरी मला पुरेल एवढं येसूनं आणून टाकलं. तुम्ही रामनगरला गेलात, त्यानंतर लखूभाऊंचं घर उठलं, मग नागूचं. जाताना कौलं उतरवून नेली आणि उघड्या भिंती पावसानं खाल्ल्या. पोरं उरली नाहीत म्हणून अंगणवाडीही बंद झाली. आता वाडीत दोनच चुली, एक येसू-बाळीची आणि एक माझी. तुला वाटतं मी हट्टानं राहिले. आई होती तोवर तिच्यासाठी राहिले, हे खरं. ती गेल्यावर उठायला हवं होतं, पण उठायचं म्हटलं की कुठं जायचं ते ठरेना. तू 'चल' म्हणालास, पण दारात उभ्या उभ्या म्हणालास. स्नेहानं तिथं नव्यानं मांडलेला संसार, दोन खोल्यांचं घर. मी 'बघू' म्हटलं आणि तुलाही ते बरं वाटलं. मला राग नाही रे. आठवलं म्हणून लिहिलं.

माझ्या पायाबद्दल तुला जरा सविस्तर सांगायचंय. लहानपणी तू माझ्याबरोबर जोयड्याला भिकाजीकाकांच्या दुकानात यायचास, ते आठवतं का? बस स्टँडमागची ती पत्र्याची टपरी. काका माझा उजवा पाय मांडीवर घ्यायचे, टाचेखाली एक हात धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं सगळीकडून दाबून बघायचे. दरवर्षी पाय थोडा वाढलेला असायचा, थोडा आणखी आत वळलेला असायचा. मग आधीचा बूट हातात घेऊन मला रागवायचे, "पुन्हा भिजीवलास व्हय? आणि चुलीजवळ वाळवलास! करपलंय बघ कातडं." तुला मात्र कातड्याचा तुकडा द्यायचे, बेचकीला लावायला. तू तो घरी येईपर्यंत तोंडात चघळायचास आणि आई ओरडायची. आईनं त्यांच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, पण माझ्या पायासाठी दरवर्षी तांदळाची पिशवी त्यांच्या दारात ठेवायला ती चुकली नाही. डोंगर चढायला, शेताच्या बांधावरून चालायला, ओढ्यातून पलीकडं जायला मला त्याच बुटानं शिकवलं. उंच तळाचा, एका बाजूनं कडक, दुसऱ्या बाजूनं मऊ. घातला की मी तुझ्याएवढी उंच व्हायची.

परवाच्या वर्षी काका वारले. त्यांचा विनायक मडगावला मोबाईलच्या दुकानात आहे, तो काही हे काम करणार नव्हता. माझा बूट फाटला तेव्हा तूच मला धारवाडच्या दवाखान्यात नेलंस, दिवसभर रांगेत उभा राहिलास, हे मी विसरलेले नाही. तिथं मिळालेला बूट वाईट नव्हता. फरशीवर छान चालायचा. पण इथं फरशी कुठं आहे?

हे मी तुला आजच सांगतेय. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी ओढ्याच्या वाटेवर पडले. घागर गेली, पाय खडकाच्या बेचक्यात अडकला आणि उठता येईना. सकाळची वेळ होती. हाका मारल्या. पाऊस इतका की माझाच आवाज मला ऐकू येईना. मग हाका थांबवल्या आणि नुसती पडून राहिले. भीती वाटत होती का? फारशी नाही. मनात एकच यायचं, की मी दिसत नाही हे कुणाच्या लक्षात कधी येईल. बाळी माहेरी गेली होती. तुझ्याशी फोनवर बोलणं व्हायचं ते सणावाराला. मोजून बघितलं तर माझी वाट बघणारं कुणीच नव्हतं. दुपार कलल्यावर येसू म्हैस शोधत आला, म्हणून वाचले. त्यानं पाठीवर घेतलं, तेव्हा मी लहान पोरीसारखी रडले. तो बिचारा घाबरून म्हणत होता, "मोडला न्हाई, आक्का, मोडला न्हाई पाय!" त्याला काय सांगणार, की मी पायासाठी रडत नव्हते.

पाय बरा झाल्यावर मी जोयड्याला, भिकाजीकाकांच्या घरी ताराकाकीकडं गेले. म्हटलं, काकांनी केलेला एखादा जुना बूट पडलाय का बघावं. काकी एकटीच असते आता. माळ्यावरून तिनं एक पोतं खाली ओढलं आणि अंगणात रिकामं केलं. काकांची हत्यारं! त्यांच्या वडिलांपासूनची. कातडं कापायची रुंद पात्याची रापी, कातड्याला भोकं पाडायच्या चार-पाच आऱ्या, बोथट तोंडाची हातोडी, चिमटा, तीन पायांची लोखंडी ऐरण. सगळं गंजून एकमेकांना चिकटलेलं. एका रिसॉर्टवाल्याला ती भिंतीवर लावायला हवी होती, तो दोनदा येऊन गेला होता. काकी नाही म्हणाली होती, पण का नाही म्हणाली ते तिलाही सांगता येत नव्हतं. आणि पोत्याच्या तळाशी, गुरुदास, माझा पाय होता. खरंच सांगते. बूट ज्यावर चढवून शिवतात तो लाकडी साचा, फरमा. काकांनी माझ्या लहानपणीच्या पायाचा एकच फरमा कोरला होता आणि पाय वाढेल तसे त्यावर कातड्याचे तुकडे ठोकत गेले होते. एकावर एक, एकावर एक. सगळ्यात वरचा थर माझ्या आत्ताच्या पायाला बरोबर लागला. माझं सगळं वय त्या लाकडावर कुणीतरी जपून चढवत नेलं होतं आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

काकी म्हणाली, "घिऊन जा सगळं. मी नुसती बघत बसती अन् रडती." विनायकलाही तिनं फोनवर विचारलं. तो म्हणाला, आक्का नेत असेल तर बरंच झालं.

मग काय, माझा सगळा हिवाळा त्या गंजाबरोबर गेला. रॉकेलमध्ये भिजवून ठेवायचं, नारळाच्या शेंडीनं आणि विटेच्या पुडीनं घासायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. रापीचा गंज गेल्यावर खाली काळंभोर पोलाद निघालं. तिची मूठ कुजली होती, येसूनं फणसाच्या लाकडाची नवी करून दिली. हातोडीचा दांडा मात्र मी बदलला नाही. त्याला काकांच्या अंगठ्याची खोलगट जागा पडलीय. माझा अंगठा त्यात हरवतो, तरी तसाच ठेवलाय. धार लावायला शिकण्यातच महिना गेला. रापी ढकलून चालवायची असते, ओढून नाही, हे मला बोट कापल्यावर कळलं. दोरा पिळायचा आणि मेण लावायचं काम ताराकाकीनं शिकवलं. जन्मभर तिनंच तर ते केलं होतं. बाकीचं मी काकांच्या जुन्या बुटाची शिवण उसवून शिकले. प्रत्येक टाका कुठून आला, कुठं गेला, ते बघत बसायची. घरात माणूस नसलं की हात तरी कुणाशी बोलू लागतात, तसं झालं होतं.

पहिला बूट इतका घट्ट झाला की घालताना डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याचा तळ तिरका झाला. तिसरा घातला आणि मी उभी राहिले. मग ओढ्यापर्यंत गेले, खडकांवरून पलीकडं गेले, परत आले. अंगणात येऊन थांबले आणि आनंदानं सांगायला तोंड उघडलं, तर अंगणात कोंबड्या. दुसऱ्या दिवशी बस धरून ताराकाकीला दाखवायला गेले. तिनं बूट उलटा करून शिवणीवरून नख फिरवलं. "टाका लांब पडलाय. ह्यांनी उसवाय लावला असता," म्हणाली. मग बूट माझ्या हातात देत, "ऱ्हाऊ दे. चालतीस न्हवं?"

हळूहळू लोक येऊ लागले. बाळीच्या चपलेचा अंगठा, दिग्गीहून कुणाच्या बैलाचा घुंगरांचा पट्टा. मग सुप्याचे विठ्ठलमामा आले. साखरेच्या आजारानं त्यांची दोन बोटं काढलीत, कुठलीच चप्पल पायात राहत नाही. पाय पुढं करायला लाजत होते. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, टाचेखाली हात धरला आणि अंगठ्यानं दाबून बघू लागले. ते म्हणाले, "अगं, तू कशाला हात लावतीस पोरी?" कितीतरी दिवसांनी मी कुणा माणसाला हात लावला होता, हे मला त्या घडीला उमगलं. त्यांचा पाय गरम होता.

आता गणपतीच्या चवथीचं. मी तो विषय टाळत होते, पण टाळून कसं चालेल? तू पहाटेची गाडी धरून आलास, हातात फुलं, नारळ. मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडायला ठेवल्या होत्या. आणि ओसरीवर दगडी कुंडीत विठ्ठलमामांच्या चपलेचं कातडं भिजत पडलेलं. ते बाजूला ठेवायचं माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण मला त्यात बाजूला ठेवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. तू कुंडीकडं बघितलंस, मग माझ्या हातांकडं. "आक्का, हे आपल्यात न्हाई," एवढंच म्हणालास. नारळ देवापुढं ठेवलास, नमस्कार केलास आणि तिथूनच परत फिरलास. जेवलाही नाहीस. पातोळ्या बाळीकडं दिल्या, उरलेल्या गाईनं खाल्ल्या.

तुझ्या त्या बोलण्याचं उत्तर आज देते. आपल्यात काय आहे नि काय नाही, हे ठरवायला इथं आपल्यातलं कोण उरलंय, गुरुदास? तुम्ही सगळे गेलात. त्यात तुमची चूक नाही, पोरांच्या शाळा होत्या, दवाखाने होते. पण ज्या माणसानं मला उभं केलं, तो आपल्यातला नव्हता. आणि मी ओढ्याकाठी पडले होते तेव्हा आपल्यातलं कुणी हाकेच्या टप्प्यात नव्हतं. हे तुला टोचायला लिहीत नाही. तू माझा धाकटा भाऊ आहेस, तुला टोचून मला काय मिळणार? एवढंच सांगते, की ती हत्यारं मी सोडणार नाही. ती हातात असली की दिवस कुठं जातो ते कळत नाही, आणि माझे दिवस फार लांब असतात रे.

परवा येसू शेतावरून आला आणि सहज म्हणाला, "आक्का, रामनगरला लग्नाला कुठल्या गाडीनं निघायचं? आपण बरोबरच जाऊ." मी चुलीत फुंकर घालत होते, तशीच घालत राहिले. म्हटलं, "बघू." त्याच्या बोलण्यातूनच मला कळलं, की आपल्या रक्षाचं लग्न ठरलंय, मांडव पडायची वेळ आलीय. त्याला आमंत्रण आलंय. त्याला वाटलं, मला तर सगळ्यात आधी आलं असणार. मग चवथीचं सगळं लक्षात आलं. तेव्हा तुझी बोलणी चालली असतील. खानापूरकडची माणसं, घरातली आत्ते हे असलं काम करते म्हटल्यावर सोयरीक मोडेल, अशी भीती तुला वाटली असेल. बापाला वाटणारच. तू माझ्या दारातून उपाशी गेलास, तो माझ्यावर रागावून नव्हे, भिऊन गेलास, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. ते खरं नसलं तरी मला सांगू नकोस.

तर गुरुदास, मी लग्नाला येणार आहे. येसू आणि बाळीबरोबर येईन. ही पोरगी जन्मली तेव्हा आई आजारी होती, पहिली आंघोळ मी घातलीय तिला. तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय मी राहणार नाही. कुठंही बसव, मागं, बायकांच्या पंगतीच्या शेवटी, स्वयंपाकाकडं. व्याह्यांनी विचारलं, ही कोण, काय करते, तर तुला सुचेल ते सांग, मी मान हलवीन. पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. मला अचानक मांडवात बघून चारचौघांत तुझं तोंड उतरलं, तर ते मला बघवणार नाही. म्हणून आधीच कळवतेय. राग यायचा तो आत्ता येऊ दे, लाज वाटायची ती आत्ता वाटू दे, हे पत्र हातात आहे तोवर. त्या दिवशी मी समोर आले की फक्त 'आलीस आक्का?' एवढं म्हण.

तुझीच,
केशर आक्का