अप्पांच्या गळ्यातलं यंत्र

५ जाने., लातूर
अप्पा काल पुन्हा रस्ता चुकले. गंजगोलाईत! जिथं उभी हयात कापड विकलं, तिथल्या सोळा रस्त्यांतला आपला कोणता ते आठवेना. एका ओळखीच्यानं घरी आणून सोडलं. अव्वा हसत सांगत होती, पण पदर तोंडाला.

ट्रॅकर घेऊन आलेय. अडकवायचा कुठं? चष्मा विसरतात, मोबाइल विसरतात. गळ्यातलं इष्टलिंग तेवढं कधी उतरत नाही. त्याच्याच दोऱ्याला बांधू म्हटलं तर अव्वा चिडली, "लिंगाजवळ मशीन? कळतं का पोरी तुला काही?" अप्पाच म्हणाले, "बांध गं. शिवाला ठाऊक हाय मी कुठं हाय ते. तुलाच कळंना गेलंय."

८ जाने., नांदेड
मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका अप्पांना कधी रेल्वे रुळांवर दाखवतोय, कधी कुणाच्या शेतात. जीव खाली-वर. फोन केला तर स्वारी घरातच, शेंगा खात. ट्रॅकरच्या दुकानदाराला विचारलं. पत्र्याखाली उपग्रहाचा सिग्नल धड येत नाही, चालू केल्यावर थोडा वेळ उघड्यावर ठेवा, म्हणाला. अप्पांना अंगणात पाठवलं. शेजाऱ्यानं विचारलं, काय करायलात? तर म्हणे, "उपग्रहाची वाट बघायलोय." लबाड!

संक्रांत, लातूर
सिम बदललं, आधीच्याला त्यांच्या गल्लीत रेंजच नव्हती. दर मिनिटाला जागा कळवेल असं सेटिंग केलं. बॅटरी लवकर उतरणार. रोजचं चार्जिंग अव्वाकडे. येताना तिळगूळ डबाभर.

१८ जाने., नांदेड
ठिपका सकाळपासून गायब. अव्वाचा प्रताप! "लिंगाला डबी, मग ह्याला उघडं कसं ठेवायचं?" म्हणून ट्रंकेतली आजोबांची चांदीची डबी काढली, यंत्र आत, झाकण गच्च, वरून दोरा. धातूत सिग्नल कोंडतो हे ओरडून सांगितलं. मग वाईट वाटलं. केवढ्या मायेनं ठेवलं होतं तिनं.

२० जाने.
अव्वानं खणाची पिशवी शिवली. यंत्र त्यात, शर्टाच्या वर. ठिपका आता अप्पांच्या पावलाबरोबर चालतो. घर, मठ, भाजीबाजार. ऑफिसात कामापेक्षा तेच बघते. मठासमोर हलेना झाला की समजायचं, गप्पा रंगल्या. बरं वाटतं.

२९ जाने.
ठिपका लातूर स्टँडवर. मग अहमदपूर. अव्वाला फोन, ती म्हणते मठात गेलेत. लोहा. पुढं कुठं उतरतील, उतरतील तरी का... अर्धी रजा टाकून इथल्या स्टँडवर पळाले. ठिपका जिथं, तिथल्याच बाकावर अप्पा. यंत्र हातभरही चुकलं नव्हतं. समोर उभी राहिले. वर बघून म्हणाले, "बाई, माझी लेक राहती इथं. तिचं घर घावंना."

चला, दाखवते म्हटलं. रिक्षात वाटभर लेकीचं कौतुक. "लई गुणाची हाय. तेवढं फोनवर वरडती." कुलूप मीच उघडलं. अप्पांनी परक्याच्या घरी काढावी तशी चप्पल नीट कडेला काढली. "लेक यीस्तोवर बसतो मग."

बसलेत. चहा टाकलाय. अव्वाला कळवलं, सुखरूप पोचले म्हणून. पुढचं सांगवलं नाही.