कडुनिंबाखालचा हौद

३ ऑगस्ट १९५२, रविवार
आजपासून रोजनिशी. राजारामपुरीत स्वतःचं घर बांधून राहायला आल्यापासून माझ्या हातून गल्लीची जी सेवा घडते आहे, तिची कुठंतरी नोंद हवी. शाळेत मी ड्रॉइंग मास्तर. पण घर म्हणजे तरी काय, उभं केलेलं ड्रॉइंगच. गल्लीनं हे बरोबर ओळखलं आहे.

सकाळी शेजारचे आप्पासो आले. गुळाचे व्यापारी. म्हणाले, मास्तर, माजघरात कौलं गळत्यात, काय करू सांगा. मी विचारलं, तुमच्या मनात काय आहे? म्हणाले, माझ्या मनात काय न्हाय, तुम्ही काय म्हणताय तेवढं सांगा. याला म्हणतात विश्वास. मी सांगितलं, कौलं हलवू नका, वरून डांबर ओता. कौलं हलवायची न्हाईत, नक्की? त्यांनी दोनदा विचारून घेतलं. नक्की म्हणालो. समाधानानं गेले.

१२ ऑगस्ट
आप्पासोंचं गळणं थांबलं. गुळाचा भला मोठा खडा घेऊन आले. तुमच्यामुळं घर वाचलं म्हणाले. शाळेला जाताना छपराकडं नजर टाकली. डांबर कुठं दिसलं नाही. कौलं सगळी उतरवून पुन्हा चाळलेली दिसतात. असो. डिटेल्स ज्याच्या त्याच्या, प्रिन्सिपल माझं.

२४ ऑगस्ट
समोरचे पिराजी आले. पैलवानकी सोडून आता म्हशी पाळतात, दारात म्हैस उभी करून धार काढून देतात. म्हणाले, मास्तर, पावसानं दार फुगलंय, लागंना झालंय. लगेच रंधा मारा म्हणालो, पाऊस थांबायची वाट बघू नका. वाट बघायची न्हाय, व्हय? असं मोठ्यांदा म्हणत खुशीत गेले.

दार आमचंही फुगलं आहे. सुताराची गरज काय? रंधा स्वतः मारला. सरोजिनी म्हणाली, दसऱ्यापर्यंत थांबला असतात तर. बायकांना लाकडातलं काय कळतं?

२५ ऑगस्ट
आमचं दार आता बोटानं लागतं. पिराजींनी अजून रंध्याला हात लावलेला नाही. पैलवान माणूस, जरा आळशी.

१९ ऑक्टोबर
पिराजी तांब्याभर दूध घेऊन आले. त्यांचं दार झकास लागतं. मास्तर, तुम्ही होता म्हणून दार वाचलं की, म्हणाले. आमचं दार मात्र वाळून आक्रसलं आहे. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. फटीतून मांजर ये-जा करतं. सरोजिनी फटीत गोणपाट कोंबते. मी तिला व्हेंटिलेशनचं महत्त्व समजावून सांगितलं. तिनं आणखी एक गोणपाट आणलं.

२ नोव्हेंबर
आप्पासोंच्या पत्नी त्रिशलाबाई आल्या. कोठीत मुंग्या झाल्यात, मारायच्या तर नाहीत, घालवायच्या कशा? मी म्हणालो, सोपं आहे. उंबऱ्याबाहेर साखर टाका, घरातल्या सगळ्या तिकडं वळतील. त्या गालात हसल्या. इतका साधा उपाय आपल्याला कसा सुचला नाही, म्हणून हसल्या असाव्यात. मीही घरी करून बघितला.

४ नोव्हेंबर
घरातल्या मुंग्या बाहेर गेल्या नाहीत. बाहेरच्या आत आल्या. त्रिशलाबाईंकडं एक मुंगी नाही. साखर टाकलेलीही दिसत नाही, कोठीच्या दाराला हळदीची रेघ आहे. आमची साखर भेसळीची असणार.

१४ डिसेंबर
कडाक्याची थंडी. फटीतून वारं. सरोजिनी दोन शाली गुंडाळून चहा करत होती, त्यातून विषय निघाला. मी म्हणालो, सगळी गल्ली माझ्या सल्ल्यावर उभी आहे, किंमत नाही ती फक्त या घरात. तेव्हा तिनं सांगून टाकलं. म्हणाली, अहो, गल्ली उभी आहे ती तुमच्या सल्ल्याच्या उलट करून. आप्पासो, त्रिशलाबाई, पिराजी, सगळे आधी तुम्हाला विचारतात आणि बरोब्बर त्याच्या विरुद्ध करतात. आजवर एकदाही कुणी फसलेलं नाही.

मी विचारलं, आणि तू? म्हणाली, मी लग्न झाल्यापासून.

डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं येतं, असं सांगितलं.

१५ डिसेंबर
शाळेत रजा. फार लागलं मनाला. जेवलो नाही. यापुढं कुणालाही सल्ला देणार नाही. गल्ली बुडाली तरी नाही. संकल्प.
(दुपारी थोडं पिठलं खाल्लं.)

१६ डिसेंबर
आप्पासोंनी विचारलं, मास्तर, न्हाणीचा उतार कुठल्या अंगाला काढू? राहवलं नाही. सांगितलं.

४ जानेवारी १९५३, सकाळी आंघोळ करताना
सापडलं. इतकं सोपं. ते जर माझ्या उलट करतात, तर मीच उलट सांगायचं. म्हणजे होईल ते थेट माझ्या मनातलं. माझा खरा सल्ला आजवर कुणी अमलात आणलाच नाही, मग तो चुकीचा हे ठरवलं कुणी? आता एखादा मोठा चान्स हवा. मुंग्याबिंग्या नको.
अंगाला साबण तसाच ठेवून सरोजिनीला सांगायला निघालो होतो. पण गुपित आहे. परत फिरलो.

८ मार्च
चान्स आला. उन्हाळा लागला, गल्लीच्या नळाला धार करंगळीएवढी. बायका पहाटेपासून घागरी लावून उभ्या. गल्लीनं वर्गणी काढून सार्वजनिक हौद बांधायचं ठरवलं आहे. जागा दोन. एक पिराजींच्या गोठ्यासमोर, मुरमाड, उन्हातली. दुसरी आमच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली. घरं बांधताना निघालेला सगळा राडारोडा तिथंच टाकलेला आहे.

माझं प्रामाणिक मत: कडुनिंबाखाली. सावलीत पाणी गार. राडारोडा म्हणजे तर तयार पाया, खोदायचीही गरज नाही. आमच्या दाराजवळ येतो हा केवळ योगायोग.

२२ मार्च
आप्पासोंच्या कट्ट्यावर मीटिंग. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. उभा राहिलो. म्हणालो, कडुनिंबाखाली मुळीच नको. आता नको म्हटलं की कारण द्यावं लागतं. तोंडाला येईल ते ठोकून दिलं. म्हणालो, तिथं नुसता भराव आहे, हौद भरला की वजनानं एका अंगानं खचेल, भिंत फुटेल, पाणी घराघरांत शिरेल. गोठ्यासमोरच बांधा, मुरूम पक्का आहे.

आप्पासोंनी विचारलं, खचंल म्हणताय? नक्की? मी छातीवर हात ठेवून नक्की म्हणालो. त्यांनी पिराजींकडं बघितलं, पिराजींनी मान हलवली. एकमतानं जागा ठरली: कडुनिंबाखाली.

घरी येऊन आतल्या खोलीत दार लावून नाचलो. ड्रॉइंग मास्तर नाचतो कसा हे गल्लीला दिसायला नको.

१९ एप्रिल
हौद छातीएवढा झाला. पिराजींनी मध्ये एकदा पहार खुपसून बघितली, जमीन मऊ लागत्या म्हणाले. आप्पासोंनी त्यांना गप्प केलं. मास्तर स्वतः खचंल म्हणालेत, आणि काय पायजे तुला? मी लांब उभा राहून नाराज चेहरा केला. ॲक्टिंगही बरी जमते मला.

३ मे, रविवार
हौदाचं पूजन. त्रिशलाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, पिराजींनी नारळ फोडला, पेढे वाटले. पाणी काठोकाठ भरलं. निंबाचं कोवळं पान वर तरंगत होतं. काय देखणा हौद. हा माझा, एवढंच तोंडातून बाहेर पडायचं राहिलं होतं. आप्पासो कानाशी येऊन म्हणाले, मास्तर, तुमचं लई उपकार झालं.
बाकीचं उद्या लिहितो. बाहेर कसला तरी आवाज होतोय.

४ मे
हौद एका अंगानं खचला. भिंत फुटली. पाणी घरात शिरलं. घराघरांत नाही, फक्त आमच्या.

सगळी गल्ली गुडघाभर चिखलात उभी. बायकांच्या हातात रिकाम्या घागरी. मी म्हणालो, बघा, मी भरल्या सभेत सांगितलं होतं, खचेल म्हणून. शब्द न् शब्द खरा ठरला.

कुणीही शाबासकी दिली नाही. आप्पासो चिखलातून पाय उपसत जवळ आले. म्हणाले, मास्तर, तुमच्यावर डोळं झाकून भरवसा ठेवला हुता. आजवर एकदाबी चुकला न्हाईसा. आता तुम्हीच बरोबर सांगाय लागला तर आम्ही जायचं कुठं?

तसं काटेकोर बघितलं तर जाहीरपणे मी बरोबर होतो. चुकीचा होतो तो फक्त मनात. हे कुणाला सांगताही येत नाही.

१० मे
हौद गोठ्यासमोर नव्यानं बांधायला घेतला. मला कुणी विचारलं नाही. कट्ट्यावरून दोनदा गेलो, सावकाश गेलो. आप्पासो रामराम म्हणाले आणि पिराजींशी चुन्याबद्दल बोलत राहिले.

दुपारी सरोजिनीनं विचारलं, गाद्या अजून ओल्या आहेत, गच्चीवर घालू की अंगणात? मी म्हणालो, मला विचारू नकोस, मला त्यातलं काही कळत नाही. गादीचं टोक हातात धरून ती तशीच उभी राहिली. म्हणाली, असं काय करता, सांगा की. तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?

अंगणात, म्हणालो. तिनं गच्चीवर घातल्या. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळल्या.