घेणाऱ्याची सही

५ जानेवारी, सोमवार

दहावी ब. एकूण अडतीस. सगळ्या विषयांच्या वह्या पूर्ण असलेली मुलं — सहा!

३ फेब्रुवारीला विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रयोगवही तपासून सही झालेली नसेल तर बसू देता येत नाही. जूनपासून सांगून घसा बसला. पण आज एकेकाला जवळ बोलावून विचारलं तेव्हा कळलं, निम्म्यांना खरंच आठवत नाही काय दिलंय आणि काय राहिलंय. आळस आहेच. पण गोंधळ जास्त आहे.

म्हणून कार्डं केली. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापल्या, मागची कोरी बाजू वापरायची. प्रत्येकाचं एक कार्ड, वर्गात सुतळीला टांगलेलं. ज्याचं जे राहिलंय ते त्यानंच लिहायचं. वही दिली की त्यानंच त्या ओळीवर रेघ मारायची, तारीख, सही. मुलं आधी पत्रिकांवरची नवरा-नवरीची नावंच वाचत बसली.

पहिल्या बाकावरची त्रिशला चौगुले म्हणाली, "मॅडम, देणाऱ्याचीच सही? कुरियरवाला बी घेणाऱ्याची सही घेतोय की!"

वर्ग हसला. मीही. म्हटलं, "का गं, माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं न्हाई मॅडम, पर..." घंटा झाली.

औंधला यमाईची यात्रा झाली. दादाचा फोन — यंदाही माहेरी आली नाहीस. काय सांगू.

६ जानेवारी, मंगळवार

कार्डांनी जादू केली! शेवटच्या तासाला एकदम झुंबड. मी ऑनलाइन माहितीच्या याद्या भरत होते. मान वर न करता "ठेव तिथं, ठेव तिथं" म्हणत गेले. घरी आणायला पिशवीत भरताना मोजल्या — चौदा प्रयोगवह्या. ओसरीवरच्या कॉटवर पिशवी टाकली, चहा केला, आणि बसल्या जागी डोळा लागला. उद्या तपासते.

८ जानेवारी, गुरुवार

शाळा सुटल्यावर शिवांजली थांबली. ही पोरगी माझ्या मनातून जात नाही. वडील फौजेत, आई त्यांच्याबरोबर क्वार्टरला. ही इथं आजीजवळ. चुलतीला नववा महिना, त्यामुळं धारा, भाकरी, भांडी सगळं हिच्याकडं. सगळ्या वह्या उशिरा येतात, पण येतात. अक्षर मात्र असं की बघत राहावं.

म्हणाली, "मॅडम, घरी फोन करू नका. आजी म्हणत्या, शाळंतनं एक जरी तक्रार आली तर घरी बस. सतरा नंबरचा फॉर्म भरू पुढच्या साली."

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा. मला माहीत आहे त्यातल्या किती जणी पुढच्या साली खरंच बसतात.

म्हटलं, "नाही करणार. तू फक्त वेळेत देत जा." शब्द दिला. तिनं मान हलवली, आणि निघताना माझ्या टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करून डबीत घातले. सांगितलं नव्हतं मी.

९ जानेवारी, शुक्रवार

वह्या तपासून परत. तेरा वह्या, प्रत्येकीत नऊ प्रयोग, प्रत्येकाखाली सही. बोटांना गोळे आले.

११ जानेवारी, रविवार

हे सांगलीहून आलेले. आल्या आल्या टीव्हीचा रिमोट गायब! अर्थात आप्पा.

आप्पा म्हणजे माझे सासरे. हवालदार म्हणून निवृत्त होऊन तीस वर्षं झाली. आता पुष्कळ विसरतात, पण दिवेलागणीला घरात राउंड मारायचं विसरत नाहीत. जे उघड्यावर पडलेलं दिसेल ते उचलून काळ्या ट्रंकेत. कुलूप. किल्ली करदोट्याला. "लावारिस सामान — जमा!" माझा चष्मा, विळी, अर्धी गुळाची ढेप, सगळं तिथं जाऊन आलंय. नाव घेऊन मागितलं की लगेच देतात. पण ह्यांनी आज हसत विचारलं, "आप्पा, आमचं काय काय आहे आत?" तर डोळे वटारून म्हणाले, "आपल्या सामानाचा पत्ता न्हाई? मग ते तुझं कसं रं?"

ट्रंकेतलं सगळं बाहेर काढून ते वर्षातून एकदाच मांडतात. सव्वीस जानेवारीला.

रिमोट मिळाला. हे चारच्या गाडीनं परत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटायला पोरं घरापर्यंत आली. दार उघडायचंही त्राण नव्हतं, पण उघडलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मुख्याध्यापकांनी यादी मागितली — प्रयोगवही कोणाची राहिली. तपासून सही दिलेल्यांची नोंद माझ्याकडं, मुलांची कार्डं सुतळीवर. दोन्ही ताडून पाहिली. शिवांजलीच्या कार्डावर प्रयोगवहीवर रेघ, ६ जानेवारी, सही. माझ्या नोंदीत ती नाहीच.

भर वर्गात विचारलं. इथंच चुकलं, पण विचारलं.

"दिली मॅडम. सहा तारखेला. तुमी लिहीत होता."

"त्या दिवशीच्या सगळ्या वह्या मी परत दिल्या. तुझी आहे का त्यात?"

तिनं सुतळीवरच्या आपल्या कार्डाकडं बोट केलं.

"रेघ मारली म्हणजे काम झालं असं नसतं, शिवांजली."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली, मग बसली. तिच्या उशिराची मला इतकी सवय झालीय की ती खरं बोलत असेल असं वाटलंच नाही. छे, वाटलं. एक क्षणभर. मग पुढचं नाव घेतलं.

१७ जानेवारी, शनिवार

शंका जाईना. प्रयोगशाळा, स्टाफरूमचं कपाट, खिडकीतले गठ्ठे — सगळं उपसलं. नाही. म्हणजे दिलीच नसणार.

जाताना तीच म्हणाली, "परत लिहू का सगळी?"

"लिही. सोमवारी आण."

नऊ प्रयोग, दोन दिवस. आणि घरात ते सगळं. बोलून गेले खरी.

१९ जानेवारी, सोमवार

सात प्रयोग लिहून आणले. दोन राहिले. शनिवारी संध्याकाळी चुलतीला कळा लागल्या म्हणून सांगलीला नेलं, ही एकटी घरी. डोळे सुजलेले.

मी म्हटलं, दोन दिवस देऊ. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पालकांना कळवलंय अशी नोंद आजच पाहिजे. उद्या वरून विचारलं तर तुम्ही उत्तर देणार का?"

नाही म्हणता आलं असतं. बावीस वर्षं नोकरी झाली माझी. पण दिवसभर उभं राहून पाय भरलेले, डोकं ठणकत होतं. आणि खरं सांगायचं तर, तिनं खोटी रेघ मारली याचा राग होता.

फोन केला. आजी, मनुबाई, फोनवर होत्या.

"आवं, बरं झालं सांगितलंसा मॅडम. वह्याच न्हाईत तर रोज शाळंत जाऊन काय दगूड फोडती व्हय?"

मी म्हटलं, नाही हो, पोरगी हुशार आहे, दोनच प्रयोग... पण त्यांनी फोन ठेवला होता.

२० जानेवारी

शिवांजली गैरहजर.

२१ जानेवारी

गैरहजर.

२२ जानेवारी, गुरुवार

गैरहजर. त्रिशला तिच्याच वाडीवरनं येते. तिच्याकडं निरोप दिला होता. परत आलेला निरोप — "आजी म्हणत्यात, सतरा नंबर."

"आणि शिवांजली काय म्हणाली?"

"काय न्हाई मॅडम. बाळाची दुपटी धूत हुती." जाता जाता म्हणाली, "पर मॅडम, ती लबाड बोलत न्हाई कवा."

२४ जानेवारी, शनिवार

पुन्हा फोन केला. मनुबाईंचा आवाज आनंदात. "पोरगा झालाय! बाळंतीण घरी आलीया. आता हाताखाली माणूस लागतंय मॅडम, तुमीच बघा." अभिनंदन केलं. दुसरं काय करणार.

सुतळीवरच्या कार्डांवर जवळजवळ सगळ्या ओळींवर रेघा आल्यात. योजना यशस्वी! मुख्याध्यापकांनी इतर वर्गांना दाखवायला सांगितलंय. शिवांजलीचं कार्ड तिथं लटकलेलं बघवेना. पर्समध्ये घालून घरी आणलं.

प्रात्यक्षिकाला दहा दिवस.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आले. अंगणात सतरंजी. आप्पा इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यावर बसून ट्रंकेतलं किट मांडत होते. टोपी, पट्टा, दोन पदकं, माझा एक पायमोजा, आणि खाकी कव्हरची प्रयोगवही. सगळं एका रेषेत.

शिवांजलीचं अक्षर. नऊच्या नऊ प्रयोग. आकृत्या पेन्सिलीला टोक काढकाढून काढलेल्या.

"आप्पा, ही कुठं मिळाली?"

"कॉटखाली पडल्याली. लावारिस." मग माझ्या तोंडाकडं बघून आवाज उतरला. "मागितली असतीस तर दिली असती की, सूनबाई. तू मागितलीच न्हाईस."

या डायरीची मागची पानं उलटली. सहा तारीख — चौदा. नऊ तारीख — तेरा. दोन्ही माझ्याच अक्षरात.

प्रयोगवही तिथंच पायरीवर बसून तपासली, सह्या केल्या. मग पर्समधून कार्ड काढलं. तिच्या सहीखाली लिहिलं — मिळाली, ६ जानेवारी. खाली माझी सही.

वाडीला एस.टी. दुपारी आहे. चालत तासभर. निघालेच. मनुबाईंना वाचता येत नाही. कार्ड मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, शिवांजलीसमोर.