विहिरीची परीक्षा

मु. वाघोळे
११ फेब्रुवारी २०२४

ती. शुभाताईस,
देवव्रतचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. इथे मोबाईलला रेंज नाही, तेव्हा तुला पत्रांवरच भागवावं लागेल. पोस्टमन शेजारच्या गावाहून अधूनमधून येतो.

पुढचं संकट आलं तर कुठे तग धरता येईल, हे बघत पाच तालुके पाहून झाले आणि हाच मला पटला. समुद्रापासून लांब, पुराच्या पाण्यापासून उंच, जमीन कसदार. भात, नाचणी, वाल सगळं इथेच पिकतं. छपरावर सोलर टाकलं की विजेसाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आरोग्य उपकेंद्रही जवळच आहे, नवा रंग दिलेलं, पुढे छोटी बाग. मी तालुक्याला शंभरपैकी एकाहत्तर गुण दिलेत. तू हसशील. पण विम्याचा सर्व्हेयर म्हणून जन्मभर लोकांच्या बुडालेल्या दुकानांतून फिरलो. वाट लागल्यावर पाहणी करून काय मिळतं, ते मला विचार.

काशीराम म्हणून इथले शेतकरी आहेत. त्यांचं जुनं घर आणि मागची विहीर वर्षभरासाठी भाड्याने घेतली. त्यांची सून नमिता मला डबा देते. आता उन्हाळा काढून बघतो. विहीर टिकली तर पार्ल्याचा फ्लॅट विकायचा आणि तुला इथे आणायचं. त्या साथीत शर्मिष्ठाला अख्ख्या शहरात एक खाट मिळाली नाही. बायको गेली, आता बहीण तरी वाचवू दे मला.

गार्गीला आशीर्वाद. प्रकृतीला जप आणि या भावावर माया ठेव.

तुझा,
देवव्रत


विलेपार्ले
१९ फेब्रुवारी २०२४

चि. देवव्रत यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मुलगी बघायला गेल्यासारखा तालुके बघत फिरतोयस! अरे, मुलगीही आपल्याला बघत असते. उपकेंद्राला रंग दिलाय हे कळलं. आत डॉक्टर बसतो का, ते पाहिलंस? दुरून डोंगर साजरे.

तू पलंगाखाली भरून ठेवलेल्या तांदळात टोके झालेत. काल सगळा गच्चीत उन्हात घातला आणि निवडता निवडता पाठ धरली. संकट येईल तेव्हा येईल, तुझ्या तयारीनेच मी आडवी होईन बघ. गार्गी रविवारी नाहूरहून आली होती. बाबा कधी येणार, एवढंच विचारत होती लेक.

शर्मिष्ठाचं लिहिलंस. त्या दिवशी रिक्षात मीही होते रे, विसरलास? तुझी भीती मला कळते. पण मला वाचवायला निघालास तर आधी मला विचारशील की नाही? इथे समोरच्या ऋताला नुसती हाक मारली तरी ती धावत येते. तिथे मी कुणाला हाक मारू?

उन्हात फिरू नकोस. पत्र पाठवत जा, तेवढाच जिवाला आधार.

तुझी,
ताई


मु. वाघोळे
२ एप्रिल २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

बातमी चांगली आहे. गावातल्या बाकीच्या विहिरी होळीलाच तळाला गेल्या, आपलीला अजून पुरुषभर पाणी आहे. गुण चौऱ्याऐंशीवर नेलेत.

एक अडचण आली होती. इथली रीत अशी की होळी झाली की ज्याच्या विहिरीला पाणी उरतं, ती सगळ्या गावाची. मालक नारळ फोडतो आणि बायका भरायला लागतात. मी काशीरामना म्हटलं, यंदा हे नको. सगळा गाव उपसायला लागला तर आपल्या दोघां भावंडांना उन्हाळाभर पाणी पुरतं का, हे मला कसं कळणार? विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलं. ते म्हणाले, तुम्ही भाडं भरलंय साहेब, तुमची मर्जी. कुणी भांडलं नाही. माणसं फार समजूतदार आहेत, त्याचेही गुण धरले.

बायका आता खाली ओढ्यातल्या झऱ्यावर जातात. उतार जरा उभा आहे, पण त्यांना सवय आहे. नमिताही तिथूनच आणते. पाचवा महिना आहे तिला, तरी माझा डबा चुकत नाही. तिला म्हटलं, तू एक हंडा इथून नेत जा. तर म्हणाली, सगळ्यांना नाही तर मला कशाला? जरा वाईट वाटलं. पण पावसाळ्यापर्यंतचाच प्रश्न आहे.

तू मनाची तयारी करायला लाग. रागावलीस तरी चालेल, पण अंतर देऊ नकोस.

तुझा,
देवव्रत


विलेपार्ले
१२ एप्रिल २०२४

चि. देवव्रत यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाण्याला कुलूप? अरे, आपल्या घरात दारावर आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय आई त्याचं नावही विचारत नव्हती. तू कुणावर गेलास?

शर्मिष्ठाला घेऊन आपण दारोदार फिरलो, तेव्हा आपल्या तोंडावर दारं बंद करणारे लोकही असेच हिशोब करत असतील. आपल्या माणसांपुरतं उरलं पाहिजे ना! त्यांना तू अजून शिव्या घालतोस.

गावाला बाहेर ठेवून मला आत जगवणार असशील तर मला तसलं जगणं नको. ती पोटुशी पोर हंडे घेऊन उतार चढते आणि तू गुण मोजतोस? आजच्या आज कुलूप काढ. परीक्षा गेली खड्ड्यात.

मी तुझ्यावर चिडले आहे, तुला टाकलेलं नाही. एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


मु. वाघोळे
२४ एप्रिल २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. नमिता गेली, ताई.

गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी, सकाळी. झऱ्यावरून वर येताना पाय घसरला आणि भरल्या हंड्यांसकट खाली दगडांवर गेली. बायकांनी घोंगडीची झोळी करून तिला उपकेंद्रावर नेलं. तिथे दाराला कुलूप होतं. तू विचारलं होतंस, मी पाहिलं नव्हतं. तालुक्याला नेताना जीपमध्येच संपली. पोटातलंही गेलं. गलका झाला तेव्हा मी विहिरीत दोरी सोडून पाणी मोजत होतो.

मला कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं गं. मी दारात उभा राहून वाट बघत होतो, कुणीतरी येईल, कॉलर धरेल. त्या दिवशी डबा आला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूने, सोनूबाईंनी, भाकरी पाठवली. अशी रोज येते. मला ती गिळवत नाही आणि परत पाठवायची हिंमतही होत नाही.

फ्लॅट विकायचा नाही, गार्गीला सांग. माझं काय करायचं ते मला सुचत नाही. ही माणसं असताना हा तालुका कुणालाही जगवेल. फक्त माझ्यासारखा माणूस इथे यायला नको होता.

काल संध्याकाळी काशीराम आले. ओट्यावर बसले नाहीत. म्हणाले, शनिवारी तेरावं आहे, पाहुणे येतील, स्वयंपाकाला पाणी लागेल, तेवढं कुलूप काढाल का साहेब? मी किल्ली घेऊन विहिरीवर गेलो, पण ती कुलपाला लावणं मला जमेना. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून घेऊन उघडलं. जाळी सरकवली आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. पाणी भरपूर होतं, ताई. गावाला पुरून उरलं असतं.

लोभ असावा म्हणायला तोंड उरलं नाही.

देवव्रत